उतारावरचा माच

१

बेटावर माझं काम ठरलेलं होतं. उजाडलं की खडकाच्या माथ्यावर चढायचं. वारा कुठून आहे, खाडीच्या तोंडाशी बर्फ किती साचलाय ते बघायचं. शेवटी किनाऱ्याकडे दुर्बीण लावायची आणि खाली येऊन तांडेलांना सांगायचं. हे काम मला मिळालं कारण पाहिलेलं जसंच्या तसं सांगायची मला सवय आहे. वीस वर्षांपूर्वी एका जहाजाच्या सुताराने मला मिठाच्या पिंपाच्या झाकणावर कोळशाने अक्षरं शिकवली. तेव्हापासून रोजचा वारा आणि रोजचं आभाळ मी टिपून ठेवत आलो.

गॅरिकच्या खाडीत आमची चौदा घरं होती, निम्मी फक्त उन्हाळ्यात भरणारी. सगळे इंग्लंडातल्या डेव्हनहून आलेले, सगळ्यांचं पोट कॉड माशावर. सगळ्यांच्या खिडक्या समुद्राकडे. आमची एकुलती एक तोफही समुद्राकडे तोंड करून बसवलेली. शत्रू आला तर जहाजातून येणार, आणि जानेवारीत न्यूफाउंडलंडला जहाज येत नाही, हा आमचा पक्का समज. फ्रेंच मागून आले. त्यांच्या प्लासेन्शियाच्या ठाण्यातून निघून, पायांना जाळीच्या फळ्या बांधून, ज्या रानात आमच्यातला कोणी लाकूडतोडीपलीकडे कधी गेला नव्हता त्या रानातून बर्फावरून चालत आले. आधी दोन खाड्यांपलीकडचा धूर दिसला, मग एका खाडीपलीकडचा.

पळ काढताना आमची होडी खाडीसमोरच्या या बेटावर दोनदा आली. पहिल्या खेपेला बंदुकीची दारू, शिडाचं कापड आणि मी. एक झोपडी उभी करायला मला पुढे धाडलं होतं. दुसऱ्या खेपेला बाकीचे आले. त्यांत माझी बायको टॅमसिन नव्हती.

"ताईला पलीकडच्या खाडीतल्यांच्या होडीत बसवलं, दाजी," पास्को म्हणाला. पास्को तिचा धाकटा भाऊ. "ती मोठ्या बेटावर गेली. तिथे भिंत आहे, तोफा आहेत. आपल्यापेक्षा सुखात आहे ती."

मी त्याला विचारलं, अंगावर जाड शाल होती ना. तो म्हणाला, होती.

२

दुसऱ्या दिवशी फ्रेंचांनी खाडी जाळली. आम्ही अकरा जण माथ्यावर पालथे पडून बघत होतो. बेटाला उतरायला एकच फट, तीही बर्फाने गुळगुळीत, आणि आमच्याकडे सहा बंदुका. त्यांनी एकदा होडीतून येऊन पाहिलं आणि परत गेले. तिसऱ्या दिवशी ते रानात शिरून पुढच्या खाडीकडे गेले. मी दुर्बिणीतून मोजले. आले होते तितकेच गेले.

तेरा घरं जळली. माझं राहिलं.

"सायमन लस्कमचं घर फ्रेंचांना आवडलं म्हणायचं," तांडेल एंडिकॉट म्हणाले. होडी त्यांची, धक्का त्यांचा, खाडीत शब्दही त्यांचाच. "का रे, तुझी त्यांची जुनी ओळख? काही लिहून पाठवलं होतंस का?"

सगळे हसले. मीही हसलो. वारा फिरला असेल, ठिणगी पोचली नसेल, असं मी मनाशी ठरवलं. घर उतारावर, इतरांपासून जरा लांब आहे.

पाचव्या सकाळी माझ्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता.

जळक्या लाकडाचा काळा, सैरभैर धूर नव्हता. चुलीचा धूर होता, बारीक आणि सरळ. मी बराच वेळ बघत राहिलो. आधी जाड झाला, म्हणजे ओली फांदी घातली. मग पातळ झाला, म्हणजे भांडं चढवलं. बावीस वर्षं मी होडीतून परत येताना हा धूर बघत आलोय.

खाली येऊन मी सांगितलं. तांडेलांनी दुर्बीण हिसकावून घेतली आणि स्वतः वर चढले. परत आले तेव्हा पास्कोकडे बघत म्हणाले, "एखादा फ्रेंच मागे राहिला असेल. पाय मोडलेला वगैरे. कोणी तिकडे जायचं नाही."

३

सहाव्या दिवशी दुपारी आभाळ जरा उघडलं. घराच्या अंगाला, उतारावर, आमचा मासळी वाळवायचा माच आहे. उंच खांबांवर आडवे वासे, त्यावर फर झाडाच्या फांद्या. सप्टेंबरात शेवटची मासळी उतरवली की तो रिकामा असतो. त्या दिवशी तो भरलेला होता. लांबट, काळपट काहीतरी ओळीने मांडलेलं होतं.

आणि माचावर कोणीतरी ते पालटत होतं.

सकाळी ऊन आलं की मासळी उताणी करायची, मांस वर. संध्याकाळी दव पडायच्या आत पालथी, कातडं वर. हे काम आमच्याकडे बायका करतात आणि प्रत्येकीची पद्धत वेगळी. टॅमसिन समुद्राकडच्या टोकापासून सुरुवात करते. बाकीच्या एकेक मासा उचलतात, ही दोन्ही हातांनी दोन. ओळ संपली की डावी मूठ कमरेवर टेकवून क्षणभर उभी राहते, कारण एका हिवाळ्यात ती धक्क्यावरून पडली होती.

दुर्बिणीत चेहरा कळत नव्हता. दोन्ही हात कळत होते. कमरेवरची मूठ कळत होती.

मी धावत खाली आलो. "पास्को, ती तिथे आहे. तुझी ताई घरी आहे."

पास्को चाकूने लाकूड तासत होता. त्याचा हात थांबला. "काय बोलताय दाजी? मी स्वतः तिला होडीत चढवलं."

"मग ती परत आली असेल."

"कशातून? उडत?"

"मी तिला मासळी पालटताना पाहिलं."

"जानेवारीत?" मागून पिंपं बनवणारा म्हणाला. "गोठलेली मासळी वाळवतेय का ती?" कोणी हसलं नाही.

त्या रात्री मी माझ्यापुरतं उत्तर तयार केलं. फ्रेंचांनी कोठारातली मासळी पाण्यात फेकली असेल. ती कसली काटकसरी, आकड्याने ओढून ओढून काढली असेल. ओली मासळी कुठे ठेवणार? माचावरच. मोठ्या बेटावरून तिला कोणीतरी परत आणून सोडलं असेल. एवढंच जुळत नव्हतं की दुर्बिणीतून ती जे उचलत होती ते तिच्या खांद्याइतकं लांब दिसत होतं, आणि तरी ती दोन्ही हातांत एकेक उचलत होती. अंतरामुळे तसं दिसतं, असं मी म्हटलं. अर्धा मैल म्हणजे थोडं नाही.

४

झोपडी चार पावलं लांब, तीन पावलं रुंद. मधे आग, वर शिडाचं कापड. अकरा माणसं एकमेकांच्या गुडघ्यांत गुडघे घालून बसायची. तांडेल, त्यांची बायको मार्जरी, त्यांचे दोघे मोठे मुलगे, पिंपं बनवणारा आणि त्याची बायको, दोन खलाशी, पास्को, म्हातारी जोन, आणि मी.

मी आत आलो की बोलणं थांबायचं. हे मला सातव्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आधी वाटायचं, मी वाऱ्याची खबर आणलीय म्हणून थांबतात.

आणखी एक गोष्ट. मार्जरीबाई रोज भाकरी तोडायची तेव्हा पहिला तुकडा मला द्यायची. तांडेलांच्याही आधी. तुकडा मोठा असायचा, कडेचा, खरपूस. तांडेल काही म्हणायचे नाहीत. ज्या माणसाने एका दोरखंडासाठी आपल्या सख्ख्या भावाचं वर्षभर तोंड पाहिलं नव्हतं, तो माणूस माझ्या हातातल्या तुकड्याकडे न बघता आगीकडे बघायचा.

"मलाच का आधी?" मी त्या दिवशी विचारलं.

"तू थंडीत वर चढतोस ना रोज," मार्जरीबाई म्हणाली. तिने डोळे वर केले नाहीत.

मी तुकडा धरून बसलो. बाहेर वारा पडला होता. अशा शांततेत पाण्यावरून आवाज लांब येतो. थप. मग थोडं थांबून, थप थप. ओली मासळी फांद्यांवर पालथी पडते तसा.

मी सगळ्यांकडे पाहिलं. दहाही जणांना तो ऐकू येत होता. दहाही जण आगीकडे बघत होते.

५

नवव्या दिवशी ओहोटीला मी आणि जोन खडकांवर शिंपले खरवडायला गेलो. बरंच पीठ उतरवताना खाऱ्या पाण्याने नासलं होतं, उरलेलं संपत आलं होतं. जोन सत्तरीची, तिला सगळे आजी म्हणत. तिचा म्हातारा नॅट खुब्याचं हाड मोडून अंथरुणावर होता. तोही मोठ्या बेटावर गेलाय, असं मला सांगितलं होतं.

ती खरवडायची थांबली आणि म्हणाली, "सायमन, मी तुला एक सांगते. ऐकून मला पाण्यात ढकलायचं असेल तर ढकल."

"काय झालं, आजी?"

"दुसरी होडी कुठलीच नव्हती रे."

मी शिंपला टोपलीत टाकला. दुसरा खरवडायला घेतला.

"धक्क्यावर सात माणसं उभी होती. तुझी टॅमसिन, माझा नॅट, आणि मोलाने ठेवलेले पाच गडी. नॅटला तिनेच पाठीवर घालून आणलं होतं. होडीत जागा होती. मग तांडेल म्हणाला, पीठ चढवा. सहा पिंपं. पिंपं चढली आणि जागा संपली."

"पास्को कुठे होता?"

"होडीत. पिंपं तोच रचत होता." तिने नाक पुसलं. "ती त्याला म्हणाली, पास्क्या, नॅटला तरी घे. तो म्हणाला, ताई, आत्ता परत येतो. सगळ्यांना ठाऊक होतं की परत यायला वेळ नाही. गड्यांनी होडी धरून ठेवली तेव्हा तांडेलने वल्ह्याने त्यांच्या बोटांवर मारलं."

"आणि तुम्ही?"

"मी बसले होते. नॅट म्हणाला, बस, म्हणून बसले. इथे आल्यावर तांडेलने सांगितलं, सायमनला जो सांगेल त्याला या खडकावर झोपडीबाहेर काढीन. मी म्हातारी. मला थंडीची भीती वाटली. नऊ दिवस वाटली." तिने माझ्याकडे पाहिलं. "आता नाही वाटत. तू रोज ती भाकरी खातोस ना, ते मला बघवत नाही."

६

मी झोपडीत शिरलो. पास्को समोरच होता. मी त्याला मारलं नाही. माझ्या हातात टोपली होती, ती मी नीट खाली ठेवली.

"अंगावर जाड शाल होती असं म्हणालास," मी म्हणालो. "तेवढं तरी खरं आहे का?"

पास्कोने जोनकडे पाहिलं. मग तो रडायला लागला. मोठ्याने, लहान मुलासारखा. "दाजी, मी म्हणालो होतो परत येतो. देवाशपथ परत येणार होतो."

"गप रे," तांडेल म्हणाले. ते उठलेही नाहीत. "सायमन, बस. सात माणसं घेतली असती तर आज अठरा जण उपाशी मेले असते. पीठ घेतलं म्हणून अकरा जिवंत आहेत. त्यात तू आहेस. तूही खाल्लंस."

"मला ठाऊक नव्हतं."

"पोटाला ठाऊक असावं लागत नाही."

मार्जरीबाई तोंडावर शाल घेऊन बसली होती. बाकीचे जमिनीकडे बघत होते. मला त्या सगळ्यांचे पाय दिसत होते, माझ्या पायांना टेकलेले. नऊ रात्री आम्ही एकमेकांच्या उबेवर झोपलो होतो.

"तिथे धूर आहे," मी म्हणालो. "ती जिवंत आहे. मी जातो."

मला वाटलं, अडवतील. तांडेलांनी होकारार्थी मान हलवली. "जा. बेटावर पडून असलेली ती जुनी, लहान होडी ने. पीठ उद्यापुरतं आहे, लाकूड आजपुरतं. तसंही कोणीतरी जाऊन बघायला हवंच होतं. फ्रेंच असेल तर गोळी झाडेल, म्हणजे आम्हाला कळेल. नसेल तर परत येऊन सांग. घर उभं आहे, छप्पर आहे, आपण सगळे तिथे जाऊ."

इतकं उघड बोलले. लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे त्यांना हलकं वाटत असावं.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो. धुकं होतं, पाणी बर्फाच्या चिखलाने जड झालेलं. वल्हं टाकलं की तो चिखल कुरकुरत बाजूला व्हायचा. कोणी गोळी झाडली नाही.

तांडेलांचा धक्का अर्धा जळाला होता, पण टोक शाबूत होतं. मी होडी बांधली आणि चढण चढलो. आदल्या रात्री गुडघाभर बर्फ पडला होता. माझ्या घरापर्यंत त्यावर एकही पाऊल नव्हतं. मागे वळून पाहिलं तेव्हा फक्त माझी पावलं होती. बर्फ पडल्यापासून ती बाहेर आली नसेल, असं मी म्हटलं. शहाणी आहे.

दार लोटलेलं होतं. आत ऊब होती. चूल पेटलेली, वर भांडं, भांड्यात नुसतं पाणी उकळत होतं. मी झाकण उचलून पाहिलं, पळीने ढवळून पाहिलं. नुसतं पाणी. जमीन झाडलेली. अंथरूण घडी घालून भिंतीशी. माझी वही फळीवर, जशी मी ठेवली होती तशी, तिच्यावर धूळ. टेबलावर दोन लाकडी ताटल्या आणि दोन चमचे. माझ्या बाजूचा चमचा डाव्या हाताला. मी डावखुरा आहे, हे फ्रेंचांना कुठून ठाऊक असणार?

"टॅमसिन," मी हाक मारली. घरात मारायची तशीच, हळू.

बाजूच्या भिंतीपलीकडून आवाज आला. थप. थप थप. ती माचावर होती. मी खुर्चीवर बसलो. खरं सांगतो, मी हसलो. काम टाकून नवऱ्याच्या हाकेला ओ देणारी बाई ती नव्हतीच कधी.

मग माझं लक्ष चुलीजवळच्या लाकडांकडे गेलं. पाच ओंडके रचलेले. त्यांच्यावर बर्फ होता, वितळत नव्हता. चुलीपासून हातभर अंतरावर. मी हात पुढे केला. ओंडक्यांच्या बाजूला ऊब नव्हती. जिथे मी होतो तिथेच होती.

८

बाजूच्या भिंतीला एक झडप आहे. टॅमसिन तिच्यातून मला जेवायला हाक मारायची. मी ती उघडली.

धुकं माचावर बसलं होतं, पण जवळचा भाग दिसत होता. बर्फ माचाखाली होता, वर नव्हता. फांद्या नव्या, हिरव्या होत्या, आणि बारकाईने अंथरलेल्या, देठ एका बाजूला. त्यावर ओळीने मांडलेलं सगळं मासळी मांडतात तसं होतं, एकाचं डोकं दुसऱ्याच्या शेपटीशी. पालथं. हिम बसून पांढरं झालेलं.

सगळ्यांत जवळच्याच्या पायात बूट होता. टाचेला सीलच्या कातड्याचं ठिगळ. ते ठिगळ मीच लावलं होतं, नॅटला.

मी पुढचे मोजले नाहीत, पण सात होते हे मला कळलं. पाठीवरून कळत होतं ते पाच गडी. आणि दुसऱ्या ओळीच्या टोकाला निळी जाड शाल. शालीतून बाहेर आलेली वेणी मी ओळखली. ती वेणी रोज सकाळी चुलीपाशी घातलेली मी पाहिली आहे.

थप, असा आवाज धुक्याच्या पलीकडच्या टोकाला झाला.

ती तिथे होती आणि ती इथे पडलेली होती. माझं डोकं या दोन गोष्टी आळीपाळीने उचलून बघत राहिलं. कोणी दुसरी बाई असेल. मग वेणी? वेणी दुसऱ्या बाईची असेल. मग शाल? पलीकडे धुक्यात काहीतरी सरळ उभं राहिलं आणि त्याने कमरेवर मूठ ठेवली.

मी पुन्हा हाक मारली नाही. मारायची नव्हती हे मला कळत होतं. पण मी जवळ वाकलो असताना माझा श्वास मोठा झाला असावा, कारण पलीकडची हालचाल थांबली. मग माझ्या अगदी जवळ, दुसऱ्या ओळीच्या टोकाला, शाल हळूहळू उताणी व्हायला लागली. तिला कोणी हात लावला नव्हता.

मी झडप लावली. चेहरा मी पाहिला नाही. पाहिला असता तर आज वेगळं काही सांगितलं असतं.

पण झडप लावायच्या आधी मी एक पाहिलं. माचाची समुद्राकडची बाजू रिकामी होती. तिथेही नव्या फांद्या अंथरल्या होत्या, आणि त्यांच्यात जागा केलेल्या होत्या, माणूस निजेल एवढ्या, फांद्या दाबून. मी मोजल्या. घाबरलेला माणूस मोजतो, त्याने डोकं ठिकाणावर राहतं. दहा होत्या.

बेटावर आम्ही अकरा होतो.

त्या अकरातून मला तिने वगळलंय, असं मला वाटलं. दुसऱ्या ताटलीचा अर्थही मला तेव्हाच कळल्यासारखा वाटला.

९

परत येताना मी घाई केली नाही. बेटाच्या फटीशी सगळे उभे होते. तांडेलांच्या हातात बंदूक होती. मी होडीतून उतरून त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"काय रे?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "फ्रेंच गेले. घर ठीक आहे. चूल पेटलेली आहे, वाऱ्याने निखारे धुमसत राहिले असावेत. माचावर मासळी आहे. बरीच."

"आणि ताई?" पास्कोने विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ फाटले होते. टॅमसिनने त्याला वाढवलं होतं, आई गेल्यावर. "ताई नाही," मी म्हणालो. "गेली असेल कुठेतरी. मोठ्या बेटावर वगैरे."

माझ्या बोलण्यातला काटा त्याला लागला, पण त्याने नुसती मान खाली घातली. तांडेल मात्र माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मी शांत होतो. मी कधी खोटं सांगत नाही हे सगळ्या खाडीला ठाऊक होतं, म्हणून तर मला माथ्यावर चढवायचे.

"मोठ्या मनाचा आहेस तू, सायमन," शेवटी ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दुसरा असता तर आम्हाला इथेच सोडून तिथे राहिला असता."

सामान बांधायला सुरुवात झाली. पिंपं बनवणारा शीळ घालू लागला. मार्जरीबाईने उरलेल्या पिठाची एकच भाकरी केली आणि सगळ्यांत वाटली, या वेळी सारखी. मी माझा तुकडा घेतला नाही.

जोन खडकावर बसून होती. मी तिच्याजवळ गेलो.

"माझा म्हातारा?" तिने विचारलं.

तिच्याशी मला खोटं बोलता आलं नाही. मी नुसता तिच्याकडे बघत राहिलो. मग तिचा हात माझ्या बाहीवर आला.

"तू येऊ नकोस, आजी," मी हळू म्हणालो. "इथेच थांब. मोठ्या बेटावरून कोणी ना कोणी बघायला येईलच. शिंपले आहेत. माझं पांघरूण ठेवतो."

"आणि ही सगळी?"

मी होडीकडे पाहिलं. तिने बाही सोडली. तांडेल ओरडले, "म्हातारे, चल!" ती ओरडून म्हणाली, "माझी हाडं नाही हलत आता, तुम्ही जा!" कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. होडीत तेवढीच जागा झाली, असं तांडेलांचा थोरला म्हणाला.

१०

"घर तुझं, वाट तू बघून आलास," तांडेल म्हणाले, "सुकाणू तू धर." इतक्या वर्षांत त्यांनी सुकाणू कोणाला दिलं नव्हतं. ते स्वतः वल्ह्यावर बसले.

वारा किनाऱ्याकडून होता आणि त्याच्याबरोबर बर्फाचे बारीक कण येत होते. वल्हेकरी तर उलटे बसतातच, दोघी बायकांनीही तोंड वाचवायला पाठ फिरवली आणि शाली डोक्यावरून घेतल्या. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. किनारा एकट्या माझ्यासमोर.

"दाजी," पास्को वल्हं ओढता ओढता म्हणाला, "ती सापडली तर मी तिच्या पायांवर डोकं ठेवीन. ती मारेल मला. मारू दे."

"बोलू नकोस, दम लागेल," मी म्हणालो.

मी त्यांचे चेहरे एकेक करून बघत होतो. तांडेल, त्यांचे दोघे मुलगे, मार्जरी. पिंपं बनवणारा, त्याची बायको. दोन खलाशी. पास्को. थंडीने लाल झालेली नाकं, दाढीत गोठलेला श्वास. घराच्या आशेने सगळे तरतरीत झाले होते. नऊ जण.

मी पुन्हा मोजले. नऊच. दहावी जोन मागे राहिली होती, मीच तिला ठेवलं होतं.

फांद्यांतल्या जागा दहा होत्या. माझ्यासकट होडीत आम्हीही दहा.

सुकाणूवर माझा हात होता. थोडा दाबला असता तर होडी वळली असती. वारा पाठीशी घेऊन अर्ध्या तासात आम्ही परत बेटावर पोचलो असतो. मी हे सगळं नीट विचारात घेतलं. मग पास्कोकडे पाहिलं, मग तांडेलांच्या हातातल्या वल्ह्याकडे. टॅमसिनने माझ्यासाठी एवढं आवरून ठेवलं होतं, ताटली मांडली होती.

धुकं सरकलं. जळक्या धक्क्याच्या टोकावर ती उभी होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना बाकीचे. होडी आली की माणसं जशी हात पुढे करून, गुडघ्यात वाकून, काठ धरायला तयार राहतात तशी सगळी वाकली होती. सात जण. नॅट स्वतःच्या पायांवर उभा होता.

"सायमन," तांडेल धापा टाकत म्हणाले, "सरळ आहोत ना? धक्क्यावर कोणी दिसतंय?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "सरळ आहोत. मारा वल्ही."